गोल्फ : स्त्रीचा एक व्यवसाय

इ. स. २०२१ च्या ऑगस्ट महिन्याची ७ तारीख. आषाढ संपत आला होता. त्या शनिवारीं भल्या पहाटे, ज्या घरांत गोल्फचें नांवहि कधीं निघालें नव्हतें अशा असंख्य भारतीय घरांत, टोकियोजवळच्या एका मैदानाचें चित्र मोठ्या उत्कंठेनें पाहिलें जात होतें. तेवीस वर्षांची एक तरुणी त्या हिरव्या उतारांवरून सावकाश चालली होती आणि काठ्यांची पिशवी संभाळीत तिची आई तिच्याबरोबर चालली होती. तरुणीचें नांव अदिती अशोक. ऑलिंपिकच्या त्या स्पर्धेंत साठ स्त्रिया उतरल्या होत्या. जगाच्या क्रमवारींत दोनशेव्या जागेवर असलेली ही बंगळूरची मुलगी त्यांत चौथी आली. चार दिवसांत तिला २६९ फटके लागले. दुसऱ्या व तिसऱ्या आलेल्या दोघींना २६८ लागले, आणि पहिल्या आलेल्या अमेरिकेच्या नेली कोर्डा हिला २६७. एका फटक्यानें पदक हुकलें.

त्या एका फटक्याविषयीं पुढें पुष्कळ बोललें गेलें. परंतु त्याच्या मागें जो व्यवसाय उभा आहे, त्याची माहिती मात्र थोड्यांनाच आहे. गोल्फवर एखाद्या स्त्रीचा चरितार्थ चालतो म्हणजे काय? तिला पगार कोण देतें? कर्जत किंवा खालापूर तालुक्यांतील एखाद्या सुशिक्षित घरांत उद्यां मुलीनें हाच मार्ग धरण्याची इच्छा दाखविली, तर तिच्या आईबापांनीं आधीं कोणत्या गोष्टी समजून घ्याव्या? ह्या प्रश्नांचीं उत्तरें वाटतात तितकीं अवघड नाहींत. मात्र तीं मिळण्यासाठीं प्रथम खेळाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे.

गोल्फचा नियम एका वाक्यांत सांगतां येतो. एक लहानसा चेंडू ठरलेल्या जागेवरून मारीत मारीत दूरच्या खळग्यांत घालावयाचा, आणि तोहि कमींत कमी फटक्यांत. असे अठरा खळगे म्हणजे एक फेरी. चेंडूचें वजन ४६ ग्रॅमांहून कमी असतें आणि खळग्याचा व्यास अवघा सव्वाचार इंच असतो. स्त्रियांच्या मोठ्या स्पर्धेंत अठरा खळग्यांचें एकूण अंतर सुमारें साडेसहा हजार यार्ड, म्हणजे जवळजवळ सहा किलोमीटर, भरतें. खेळाडूला चौदांहून अधिक काठ्या जवळ बाळगतां येत नाहींत. प्रत्येक खळग्यासाठीं कुशल खेळाडूला किती फटके लागावे ह्याचा एक आंकडा ठरलेला असतो. त्याला 'पार' म्हणतात. टोकियोच्या मैदानाचा पार ७१ होता. अदिती अशोक यांच्या चार फेऱ्या ६७, ६६, ६८ आणि ६८ अशा झाल्या. म्हणजे चारहि दिवस त्या पारच्या आंतच राहिल्या.

ह्या हिशेबांतली एक गोष्ट विसरतां कामा नये. अडीचशे यार्ड लांब जाणारा पहिला सणसणीत फटका आणि खळग्यापासून वीतभर अंतरावरचा शेवटचा हलका धक्का, ह्या दोहोंची किंमत सारखीच, एक. शक्तीला येथें अधिक गुण नाहींत आणि नाजूकपणाला कमी नाहींत. शिवाय क्रिकेटप्रमाणें प्रत्येक चेंडूवर पंच डोळा ठेवून नसतो. चुकून आपल्याकडून चेंडू हलला, तर खेळाडूनें तें स्वतःच सांगावयाचें आणि दंडाचा फटका स्वतःच्या नांवावर लिहून घ्यावयाचा. अखेर सही केलेलें पत्रक चुकीचें निघालें आणि त्यांत प्रत्यक्षाहून कमी फटके मांडलेले असले, तर सारा खेळ रद्द होतो. हा खेळ प्रथमपासूनच असा हिशेबी आहे आणि त्याचा व्यवसायहि तसाच आहे.

हौशी खेळाडू आणि धंदेवाईक खेळाडू असा भेद गोल्फमध्यें फार जुना आहे. स्त्रिया पुष्कळ काळ हौशीच राहिल्या. इ. स. १९०० सालीं पॅरिस येथील ऑलिंपिकमध्यें स्त्रियांचा गोल्फचा सामना प्रथम झाला, तेव्हां नऊ खळग्यांची एकच फेरी होती. ती ४७ फटक्यांत पुरी करून मार्गारेट ॲबट ही अमेरिकन युवती पहिली आली. तिचा जन्म कलकत्त्याचा. विशेष असें कीं, त्याच सामन्यांत तिची आईहि खेळली होती. मार्गारेटला बक्षीस म्हणून चिनी मातीचें एक भांडें मिळालें. आपण ऑलिंपिकची विजेती आहों हें मात्र तिला १९५५ सालीं मरेपर्यंत कळलें नाहीं. पुढें ऑलिंपिकमधून स्त्रियांचा गोल्फ जो गेला, तो २०१६ सालींच परत आला.

चिनी मातीच्या भांड्यावर घर चालत नाहीं. बक्षिसाच्या पैशावर जगण्याचा मार्ग स्त्रियांना नीट मोकळा झाला तो १९५० सालीं. त्या वर्षीं अमेरिकेंत तेरा स्त्रियांनीं मिळून स्वतःची संस्था काढली. आरंभीं ह्या स्त्रिया स्वतःच मैदानें आंखीत, स्वतःच प्रसिद्धि करीत, बक्षिसांच्या धनादेशांवर स्वतःच सह्या करीत, आणि मग स्वतःच खेळत. तीच संस्था आज एल. पी. जी. ए. ह्या नांवानें जगांतील स्त्रियांची सर्वांत मोठी स्पर्धामालिका चालविते. अशा मालिकेला 'टूर' म्हणतात. युरोपांतहि स्त्रियांची टूर १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि भारतांत विमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्त्रियांची टूर चालवीत आली आहे.

आतां मिळकतीचा प्रश्न. टूरवरील खेळाडूला पगार नसतो. बहुतेक स्पर्धा चार दिवसांच्या, क्वचित् तीन दिवसांच्या असतात. पहिल्या दोन दिवसांनंतर खेळाडूंची चाळणी होते. तिला 'कट' म्हणतात. शंभरांहून अधिक स्त्रियांतून साधारण साठ-सत्तर पुढें जातात. ज्या मागें राहतात, त्यांना सामान्यतः कांहींच मिळत नाहीं. विमानाचें भाडें, राहण्या-जेवणाचा खर्च, पिशवी वाहणाऱ्या कॅडीची आठवड्याची मजुरी, हीं सर्व मात्र पदरचीं द्यावी लागतात. ज्या पुढें जातात त्यांच्यांतहि वांटणी उतरत्या क्रमानें होते, आणि जिंकणाऱ्या खेळाडूच्या रकमेंतून दहाव्या हिश्शापर्यंत भाग कॅडीला देण्याचा प्रघात आहे. थोडक्यांत, ही नोकरी नव्हे, शेती आहे. पेरणी दर आठवड्याला करावी लागते. पीक येईलच असें नाहीं.

बरें, ह्या शेतांत उतरण्याचा अधिकारहि मिळवावा लागतो. वर्षाअखेरीस पात्रतेची स्पर्धा होते. तिच्यांत वर आलेल्यांना पुढील वर्षाचें 'कार्ड', म्हणजे खेळण्याचा परवाना, मिळतो. वर्षभर कामगिरी बरी झाली तर कार्ड टिकतें, नाहीं तर पुन्हां पात्रतेच्या रांगेंत उभें राहावें लागतें. स्त्री-पुरुषांच्या बक्षिसांतहि अद्याप मोठें अंतर आहे. २०२३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेंत पुरुषांसाठीं एकूण २ कोटि डॉलर होते, तर स्त्रियांसाठीं १ कोटि १० लाख. पुरुष विजेत्याला ३६ लाख डॉलर मिळाले, स्त्री विजेतीला २० लाख. ही रकम लहान नाहीं. परंतु ती एकीचीच, आणि तीहि जगांतील सर्वांत श्रीमंत अशा एका स्पर्धेंतली. क्रमवारींत खालीं असणाऱ्या स्त्रीचा सारा जमाखर्च कट पार होतो कीं नाहीं ह्यावर, म्हणजे पुष्कळदां एका फटक्यावर, अवलंबून असतो.

ह्या वाटेवर भारतांतून पहिलें पाऊल टाकलें तें कलकत्त्याच्या स्मृती मेहरा यांनीं. त्या १९९४ सालीं धंदेवाईक झाल्या आणि १९९७ सालीं अमेरिकेच्या टूरवर जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. त्यांच्या मागून वीस वर्षांनीं, २०१७ सालीं, अदिती अशोक तेथें पोंचल्या. ह्या वीस वर्षांच्या अंतराचा अर्थ त्यांच्या बाळपणाकडे पाहिलें म्हणजे कळतो.

अदितीच्या घरांत गोल्फची परंपरा नव्हती. ती पांच वर्षांची असतांना हें कुटुंब ज्या उपाहारगृहांत न्याहारीस जाई, तेथून गोल्फच्या सरावाचें मैदान दिसे. तेथील आरोळ्या ऐकून आईबापांना कुतूहल वाटलें, तिघेंहि खेळून पाहावयास गेलीं, आणि मुलीला खेळाचा नाद लागला. २०११ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, तिनें धंदेवाईक स्त्रियांच्या देशी स्पर्धेंत त्यांना मागें टाकलें. ती हौशी असल्यानें विजय तिचा, पण बक्षिसाची रक्कम तिची नव्हे. २०१५ च्या डिसेंबरांत मोरोक्को येथील युरोपीय टूरच्या पात्रता-स्पर्धेंत ती पहिली आली आणि १ जानेवारी १९९८ नंतर जन्मलेली ही मुलगी १ जानेवारी २०१६ ह्या दिवशीं धंदेवाईक झाली. शाळेचें शिक्षण त्याच वर्षीं पुरें व्हावयाचें होतें.

पहिलेंच वर्ष मोठें शिकविणारें ठरलें. ऑगस्टांत रिओच्या ऑलिंपिकमध्यें अदिती अशोक यांनीं पहिले दोन दिवस ६८-६८ फटक्यांच्या फेऱ्या खेळून पहिल्या दहांत जागा मिळविली. वडील पिशवी घेऊन बरोबर होते. तिसऱ्या दिवशीं ७९ फटके लागले, चौथ्या दिवशीं ७६, आणि क्रमांक ४१ वर घसरला. परंतु त्याच नोव्हेंबरांत गुरगांव येथें त्यांनीं भारताची स्त्रियांची खुली स्पर्धा जिंकली. युरोपीय टूरवरील भारतीय स्त्रीचा तो पहिला विजय. त्यानंतर लगेच त्यांनीं कतारमधील स्पर्धाहि जिंकली आणि वर्षाअखेर नवोदितांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला.

अमेरिकेच्या टूरवर मात्र विजय त्यांना हुलकावणी देत राहिला. २०२३ च्या एप्रिलांत लॉस एंजलिस येथें त्या तिघींच्या बरोबरींत आल्या. निकालासाठीं जादा खेळ झाला आणि ऑस्ट्रेलियाच्या हॅना ग्रीन जिंकल्या. त्याच वर्षीं हांगचौ येथील आशियाई खेळांत तीन दिवसांनंतर त्या सात फटक्यांनीं पुढें होत्या. शेवटच्या दिवशीं ७७ फटके लागले आणि सुवर्णपदक थायलंडच्या खेळाडूकडे गेलें. तरी जें रौप्यपदक हातीं आलें, तें आशियाई खेळांच्या गोल्फमधील भारतीय स्त्रीचें पहिलें पदक होतें. अशा दिवसानंतर पुढच्या स्पर्धेचें विमान गांठावयाचें आणि पुन्हां पहिल्या खळग्यापासून मोजणी सुरू करावयाची, ह्यालाच ह्या व्यवसायांत कसोटी म्हणतात.

दुसरें उदाहरण हरियानाच्या दीक्षा डागर यांचें. त्या जन्मतः बहिऱ्या आहेत. लहानपणीं शस्त्रक्रिया व यंत्र यांच्या साहाय्यानें त्यांना ऐकूं येऊं लागलें. सैन्यांत अधिकारी असलेले वडील त्यांचे शिक्षक झाले आणि पुढें कॅडीहि झाले. २०१९ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, दीक्षा यांनीं दक्षिण आफ्रिकेची स्त्रियांची खुली स्पर्धा जिंकली आणि २०२३ सालीं चेक प्रजासत्ताकांतील स्पर्धा जिंकली. बहिऱ्यांच्या ऑलिंपिकमध्यें त्यांनीं २०१७ सालीं रौप्य व २०२२ सालीं झालेल्या खेळांत सुवर्णपदक मिळविलें.

दोन्ही चरित्रांत एक गोष्ट समान दिसते. एकीच्या मागें आई-वडील पिशवी घेऊन उभे, दुसरीच्या मागें वडील. ही केवळ माया नव्हे. तो व्यवसायाचा भाग आहे. कर्जतच्या लोकांना हें समजावून सांगण्याची गरज पडूं नये. मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते ती केवळ वडे घेण्यासाठीं नव्हे. पुढें बोर घाट आहे. सदतीस फुटांत एक फूट असा त्याचा चढ आहे. म्हणून बहुतेक गाड्यांच्या मागें येथें जादा इंजिनें जोडतात. तीं गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलीत नेतात आणि मग सुटून परत खालीं येतात. पुण्याच्या प्रवाशांना त्यांचें नांवहि ठाऊक नसतें. धंदेवाईक गोल्फच्या पहिल्या सातआठ वर्षांचा घाट असाच आहे. मागचें इंजिन कोण होणार आणि तें किती वर्षें ढकलूं शकेल, हा प्रश्न घरांत पहिल्या दिवशींच विचारला पाहिजे.

दुसरा प्रश्न मैदानाचा. अठरा खळग्यांच्या मैदानाला शंभर ते दीडशें एकर जमीन लागते. एकशेंवीस एकर म्हणजे ४,८०० गुंठे. ज्या तालुक्यांत भाताचें खाचर गुंठ्यांनीं मोजतात आणि ज्यांतील डोंगराकडच्या वाड्यांवर चार महिने धुवांधार पाऊस पडूनहि वैशाखांत हंडे घेऊन पाण्यासाठीं चालावें लागतें, त्या तालुक्यांत एवढी जमीन व एवढें पाणी एका खेळाला द्यावें असें विचारी मनुष्य म्हणणार नाहीं. मुंबईंत गोल्फ क्लब १८४२ सालींच निघाला होता. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. पुण्यास येरवड्याचें मैदान आहे. परंतु क्लबांचीं दारें प्रायः सभासदांसाठीं असतात. सिडकोनें खारघरच्या डोंगरपायथ्याशीं मैदान उभारलें, तें त्या मानानें कर्जत-खालापूरला जवळचें. तरीहि शाळा संभाळून आठवड्यांतून चार वेळां पनवेलच्या पलीकडे जाणें-येणें हें एका मुलीचें नव्हे, साऱ्या घराचें वेळापत्रक होऊन बसतें. बंगळूरच्या त्या कुटुंबाच्या न्याहारीच्या टेबलावरून मैदान दिसत होतें, ही गोष्ट म्हणूनच लहान नाहीं.

तथापि ह्या खेळाच्या हिशेबांतच एक आशेची जागा आहे. टोकियोला अदिती अशोक यांचे पहिले फटके स्पर्धेंतील सर्वांत आंखूड फटक्यांपैकीं होते. काही आठवड्यांपूर्वीं त्यांना कोविडचा आजार होऊन गेला होता, आणि अंगांतलें बळ अजून पुरतें परत आलें नव्हतें. प्रतिस्पर्धी स्त्रियांचे चेंडू त्यांच्या चेंडूच्या कितीतरी पुढें जाऊन पडत. तरी त्या चारहि दिवस पदकाच्या शर्यतींत राहिल्या, कारण खळग्याजवळच्या हिरवळीवर त्यांचा हात साऱ्यांहून स्थिर होता. खेळांतील सुमारें चाळीस टक्के फटके ह्या हिरवळीवरच पडतात. आणि ह्या फटक्यांच्या सरावाला शंभर एकर लागत नाहींत. दोनतीन गुंठ्यांची सपाट, बारीक कापलेल्या गवताची जागा, एक काठी, दहा चेंडू आणि कोणी जाणता शिक्षक एवढें पुरें होतें. एखाद्या शाळेच्या मागच्या आवारांत हें करतां येईल. पावसाळ्यांत छपराखालीं चटई पसरूनहि करतां येईल. लांब फटका शिकण्यासाठीं मग महिन्यांतून कांहीं वेळां मैदानावर जावें. हात कोठपर्यंत तयार होतो हें दोन वर्षांत दिसून येतें, आणि तोंवर घराची फारशी तोशीस होत नाहीं.

तिसरा प्रश्न अपयशाचा. तो टाळूं नये. पात्रतेच्या स्पर्धेंत शेंकडों मुली उतरतात आणि कार्ड थोड्यांनाच मिळतें. म्हणून शिक्षण सोडण्याची घाई करूं नये. अमेरिकेंतील अनेक विद्यापीठें चांगल्या गोल्फ खेळणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ति देतात, आणि हौशी म्हणून खेळतां खेळतां पदवी घेतां येते. टूरवर जम बसला नाहीं तर शिक्षिकेचा मार्ग असतो. ह्या देशांत मुलींना गोल्फ शिकविणाऱ्या स्त्रिया अजून फार थोड्या आहेत.

अदिती अशोक यांच्यावर भारत सरकारनें २०२० सालचा अर्जुन पुरस्कार देऊन गौरव केला; दीक्षा डागर यांना तो २०२३ सालचा मिळाला. २०२४ सालीं दोघीहि पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें खेळल्या. पदक दोघींनाहि मिळालें नाहीं. त्यानंतरच्या आठवड्यांत टूरवरची पुढची स्पर्धा होतीच. ज्या घराला हा मार्ग मुलीसाठीं धरावयाचा असेल, त्यानें पदकांची यादी पाहण्यापूर्वीं ह्या पुढच्या आठवड्याचा विचार करावा. तो सोसेल असें वाटलें, तर मागच्या अंगणांतलें दोन गुंठे गवत कापावयास हरकत नाहीं.